द एव्हरेस्ट २०२५ : घोडामैदान जवळच आहे, पण घोडं पेंड कुठे खाईल?

सहा_फर्लांग (धागाकर्ता) · बुधवार, १५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, घरात भाजणीचा वास सुटलाय, बायकोने मला मिक्सरजवळ बसवलंय आणि मी तिथेच मोबाइलवर हा धागा टाइप करतोय, त्यामुळे चुका पोटात घाला. शनिवारी, म्हणजे नेमकी धनत्रयोदशी, सिडनीच्या रँडविक मैदानावर द एव्हरेस्ट ही घोड्यांची रेस आहे. आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा वगैरे होतील, उटण्याला अजून वेळ आहे तेव्हा बघायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्फवर, म्हणजे गवताच्या ट्रॅकवर, १२०० मीटर, म्हणजे माझ्या आयडीइतकं अंतर. २०१७ ला सुरू झाली तेव्हा बक्षीस १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर होतं, आता २ कोटी. आपल्या रुपयात शंभर कोटींच्या वर जातं ते. टर्फवर एवढा पैसा दुसऱ्या कुठल्याच रेसला नाही आणि तो संपतो सत्तर सेकंदांच्या आत, चहा गाळून होत नाही तेवढ्यात.

गंमत म्हणजे इथे घोड्याची एंट्री नसते, जागा विकत घ्यायची असते. बारा स्लॉट, एकेकाची किंमत सात लाख डॉलर. स्लॉट घेणाऱ्याकडे घोडा असेलच असं नाही, मग तो घोडेवाल्याशी बोलणी करतो की तू घोडा दे, माझी जागा घे, बक्षीस आलं तर असं असं वाटून घेऊ. लग्नाचा हॉल आधी बुक करून मग स्थळं बघायची तसा प्रकार. सुरुवातीला सगळे हसले होते, मीही हसलो होतो. पण आठ वर्षं झाली, गेल्या वर्षीपासून ग्रुप वनचा, म्हणजे सर्वात वरचा, दर्जाही मिळालाय, आता हसायची सोय नाही.

आता मूळ मुद्दा. यंदा हाँगकाँगहून का यिंग रायझिंग आलाय. लागोपाठ १३ रेस जिंकून. सगळं जग म्हणतंय बाकीचे अकरा जण फोटोत जागा भरायला पळणार. भाव दीडपटीच्याही खाली आहे, म्हणजे शंभर लावले तर वर पन्नासही सुटत नाहीत. माझं म्हणणं, घोडा थोर आहे यात वादच नाही पण या भावाला थोर नाही. शाटिन या हाँगकाँगच्या मैदानाबाहेर तो आयुष्यात एकदाही पळालेला नाही. विमानप्रवास, क्वारंटाइन, नवीन तबेला, नवीन पाणी, नवीन ट्रॅक, आणि उत्तर गोलार्धातल्या सप्टेंबरच्या दमट उकाड्यातून थेट सिडनीच्या वसंतात. घोडं पेंड खाईल तर इथेच खाईल. २०१८ ला यूएस नेव्ही फ्लॅग नावाचा घोडा इंग्लंडातला जुलै कप जिंकून या रेसला आला होता, काही करू शकला नाही. बाहेरच्या देशात ट्रेन झालेला घोडा ही रेस आजवर जिंकलेलाच नाही.

माझा घोडा जिमीस्टार. कारणं खाली लिहीन, आत्ता मिक्सर बंद झालाय आणि हाक आली.

---

शाटिनकर · बुधवार, १५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

फर्लांगराव, धागा छान पण निकाल चुकलाय तुमचा. मी हाँगकाँगात अकरा वर्षं आहे, या घोड्याला स्टँडवरून बघितलंय, त्यामुळे मी पार्शल आहे हे आधीच सांगतो.

सुरुवातीला दोनदा तो थोडक्यात हरला, तेव्हा अजून पोरच होतं, रेस म्हणजे काय ते कळत नव्हतं. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ पासून कोणी पुढे गेलंच नाही. शाटिनचा १२०० चा रेकॉर्ड सेक्रेड किंगडमच्या नावावर होता, २००७ पासूनचा, १ मिनिट ७.५० सेकंद. याने नोव्हेंबरमध्ये तो मोडला, ७.४३. मग जानेवारीत स्वतःचाच मोडला, १ मिनिट ७.२० सेकंद. भागाकार करून बघा, ताशी चौसष्ट किलोमीटर पडतात सरासरी, आणि त्यात उभ्या जागेवरून सुटणं पण धरलंय. आणि त्याचा जॉकी पर्टन शेवटच्या शंभर मीटरमध्ये हात खाली ठेवून बसलेला असतो बऱ्याचदा. चाबूक दाखवायचीही वेळ येत नाही.

हाँगकाँगात घोड्यांची पैदास होत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सगळे बाहेरून आणलेले. हा न्यूझीलंडचा आहे, बाप शॅमएक्सप्रेस. म्हणजे तुम्ही म्हणता तसं "परकं हवामान" वगैरे काही नाही, तो जन्मलाच दक्षिण गोलार्धात. ट्रेनर डेव्हिड हेज ऑस्ट्रेलियाचा, जॉकी झॅक पर्टन ऑस्ट्रेलियाचा. माहेरी आलेत म्हणा सगळे.

---

चकलीताई · बुधवार, १५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मला रेसमधलं ओ की ठो कळत नाही, फर्लांगभाऊंच्या धाग्यावर भाजणी हा शब्द दिसला म्हणून आत आले 😀 आले तशी दोन प्रश्न विचारते. एक, सगळे घोडे सारखंच वजन घेऊन पळतात का? दोन, जिमीस्टार हे काय नाव आहे?

---

पॅडॉकवाला · गुरुवार, १६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

चकलीताई, पहिला प्रश्न फार मोलाचा विचारलात, इथले अर्धे पंटर, म्हणजे रेसवर पैसे लावणारे, तो विचारत नाहीत.

ही रेस वेट फॉर एज आहे. म्हणजे हँडिकॅपसारखं चांगल्या घोड्याला जास्त ओझं असं नाही, फक्त वय आणि लिंग बघायचं. मोठ्या घोड्यांना ५८.५ किलो, घोड्यांऐवजी घोडी असेल तर दोन किलो कमी. तीन वर्षांच्या पोरांना ५३ आणि तीन वर्षांच्या पोरींना, म्हणजे फिलींना, ५१. यात जॉकी, खोगीर सगळं आलं. तिकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ ऑगस्टला धरतात, त्यामुळे ऑक्टोबरमधला तीन वर्षांचा घोडा म्हणजे नुकताच मिसरूड फुटलेला, म्हणून सूट. पण सूट कधी कधी जास्तच होते. २०१९ ला येस येस येस आणि २०२२ ला गिगा किक, दोघंही तीन वर्षांचे, दोघांनीही मोठ्यांना धूळ चारली. येस येस येसने तर १ मिनिट ७.३२ मारले होते, रँडविकचा ट्रॅक रेकॉर्ड.

जुने लोक हिशेब करायचे दीड किलोला एक लेंग्थ. लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, अडीच मीटरच्या आसपास. तो हिशेब धरला तर ५१ किलोवाल्या फिलीला का यिंगकडून पाच लेंग्थ आंदण मिळतायत. कागदावर हां. कागदावर मी पण लखपती आहे.

फर्लांग, एक गोष्ट तू सोयीस्कर गाळलीस. सप्टेंबरात सीझन उघडला तेव्हा का यिंग हँडिकॅपमध्ये १३५ पाउंड घेऊन पळाला आणि जिंकला. म्हणजे ६१ किलोच्या वर. शनिवारी त्याच्या पाठीवर त्यापेक्षा पावणेतीन किलो कमी असणार आहे.

---

सहा_फर्लांग · गुरुवार, १६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

पॅडॉकवाले काका, गाळली नाही, मिक्सर बंद झाला होता.

ठीक आहे, एकेक घेतो. फिल्डमधल्या सगळ्यांवर लिहीत बसणार नाही, ज्यांच्याकडून अपेक्षा आहे त्यांच्यावरच.

जोलीस्टार. ट्रेनर क्रिस वॉलरची घोडी, बाप झूस्टार. वॉलरने ही रेस येस येस येस आणि नेचर स्ट्रिपवर जिंकलीय, त्याला रस्ता माहीत आहे. घोडीने मार्चमध्ये फ्लेमिंग्टनची न्यूमार्केट हँडिकॅप मारली, त्याआधी लहानपणी थाउजंड गिनीज म्हणजे १६०० मीटर. इथेच माझी शंका आहे. मैलापर्यंत जाणारी घोडी १२०० ला शेवटी छान येते, पण समोर का यिंगसारखा दगड असेल तर शेवटी छान येऊन दुसरा नंबर मिळतो.

ब्रियासा. ट्रेनर जो प्राइडचा. टी जे स्मिथ जिंकलाय यंदा, आणि ती रेस ह्याच मैदानावर ह्याच अंतराची, म्हणजे परीक्षेचा पेपर आधी सोडवून आलेला मुलगा. प्राइडने २०२३ ला थिंक अबाउट इट वर ही रेस जिंकली होती. पाऊस झाला तर ह्याचा विचार गंभीरपणे करा.

ओव्हरपास. हा पुढे सुटणार. पर्थला क्वोका नावाची स्लॉटवालीच रेस आहे, ती मारलेला, एकदम प्रामाणिक घोडा. जिंकेल असं नाही वाटत पण रेसचा वेग हा ठरवणार म्हणून महत्त्वाचा. हा जर तुफान सुटला तर का यिंगला त्याच्यामागे धावावं लागेल, आरामात सुटला तर का यिंगला सोफ्यावर बसून जाता येईल.

टेम्प्टेड. गोडॉल्फिनची तीन वर्षांची फिली. काका म्हणाले ती ५१ किलोवाली हीच. पण फिलीने एव्हरेस्ट अजून मारलेली नाही. घोडीनेच मुळात गेल्या वर्षी पहिल्यांदा मारली, बेला निपोटिनाने, आणि ती सात वर्षांची अनुभवी बाई होती.

आणि माझा जिमीस्टार. चकलीताई, नावाचं मलाही माहीत नाही, स्पेलिंगमध्ये दोन एस आहेत आणि त्यांचं काय करायचं हे कॉमेंटेटरलाही कळत नाही. सिएरन माहरच्या तबेल्यातला, बेला निपोटिनाही त्याचीच. यंदा फेब्रुवारीत मेलबर्नला ओकली प्लेट, ११०० मीटर, एप्रिलमध्ये रँडविकला ऑल एज्ड, १४०० मीटर. दोन्ही ग्रुप वन, एक लहान, एक मोठं, एक डावं वळण, एक उजवं वळण. एवढी लवचीकता बाकी कोणात दाखवा. मागून येतो, तोच एक प्रॉब्लेम. पण पुढे ओव्हरपास आणि का यिंग एकमेकांच्या नादी लागले तर मागून येणाऱ्याचीच दिवाळी.

का यिंग जिंकला तर भाऊबीजेपर्यंत करंजीला हात लावणार नाही. लिहून ठेवा.

---

शाटिनकर · गुरुवार, १६ ऑक्टोबर, दुपारी २:०५

लिहून ठेवलं. स्क्रीनशॉटही काढला.

आणि गंमत सांगू का, जिमीस्टारचा बाप पर इन्कॅन्टो. का यिंगची आई मिसी मू, तिचाही बाप पर इन्कॅन्टो. म्हणजे तुमचा घोडा नात्याने आमच्या घोड्याचा मामा लागतो. मामाने भाच्याला हरवायचं नसतं, ओवाळणी द्यायची असते.

---

चकलीताई · गुरुवार, १६ ऑक्टोबर, दुपारी २:३०

मामा-भाचे! 😂 मला आता इंटरेस्ट आला. माझी मतं ठरली, पोरीला साडेसात किलो सूट आहे ना, मग माझी टेम्प्टेड. पंधरा किलो तांदळाच्या पोत्यातलं अर्धं पोतं काढून घेतलं तर मी पण जिने चढेन पटापट.

---

अनुजा_टेम्पे · गुरुवार, १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

सिडनीहून हजेरी. इथे ट्रामवर, बसस्टॉपवर, सुपरमार्केटच्या पिशवीवर सगळीकडे एव्हरेस्ट आहे. नवीन लोकांना सांगते, २०१८ ला ऑपेरा हाउसच्या शिंपल्यांवर या रेसच्या ड्रॉची (कुठला घोडा कुठल्या गेटमधून सुटणार त्याची) जाहिरात झळकवली होती तेव्हा केवढा राडा झाला होता. लोक टॉर्च घेऊन जमले आणि जाहिरातीवर उजेड मारून ती पुसायला बघत होते. मी होते तिथे, टॉर्च नव्हता म्हणून मोबाइलचा लाइट मारला, त्याने काय होणार, पण मारला. नंतर नवऱ्याच्या ऑफिसमधल्या लोकांनी रेसला नेलं आणि मला आवडली, असं दुटप्पी आयुष्य आहे.

शनिवारी जाणार आहोत. ग्राउंडवरून काय दिसतं ते सांगते. रँडविकचा शेवटचा सरळ भाग ४१० मीटरचा आहे आणि टीव्हीवर सपाट दिसतो पण सपाट नाहीये, त्यात चढ आहे. तिथे उभं राहिलं की कळतं, घोडे वळणावरून येतात ते आधी डोकी दिसतात, मग छाती, मग पाय. वाऱ्यासारखे पुढे पळणारे घोडे त्या चढावर अचानक लहान पावलं टाकायला लागतात. शाटिनला असा चढ आहे का शाटिनकर?

---

शाटिनकर · गुरुवार, १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५५

नाही, शाटिन सपाट. हा मुद्दा मान्य, प्रामाणिकपणे मान्य. पण दोन्ही मैदानं उजव्या हाताची आहेत, म्हणजे वळणाला त्याचं पाऊल आपोआप पडेल. मेलबर्नचे घोडे उलट्या वळणाने शिकतात, त्यांना सिडनीत येऊन पाय बदलायला शिकवावं लागतं. आणि तो काही काल विमानातून उतरला नाहीये, कँटरबरीच्या क्वारंटाइनमध्ये राहून रँडविकला ट्रायल करून झालीय.

---

पॅडॉकवाला · गुरुवार, १६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ट्रायल म्हणजे आपल्याकडची मॉक रेस, चकलीताईंसाठी.

प्रवासाच्या मुद्द्यावर मी फर्लांगच्या बाजूने थोडा उभा राहतो, कारण सगळेच एका बाजूला बसले की नाव कलते. ब्लॅक कॅव्हियार आठवा. ऑस्ट्रेलियाची घोडी, २५ पैकी २५ रेस जिंकलेली. ट्रेनर पीटर मूडीने तिला २०१२ ला इंग्लंडातल्या रॉयल अ‍ॅस्कटला नेली, विमानात अंगभर घट्ट सूट घालून, रक्ताभिसरण नीट राहावं म्हणून. आणि तिथे काय झालं, जॉकी लूक नोलनने शेवटी हात सैल सोडले आणि मूनलाइट क्लाउड या घोडीने जवळजवळ गाठलं, एका डोक्याने वाचली. ती पण ती नव्हती त्या दिवशी. जगातली सर्वात वेगवान घोडी घरापासून जवळजवळ सतरा हजार किलोमीटरवर फक्त डोक्याच्या अंतराने चांगली होती.

आणि दुसरं उदाहरण तर ह्याच रस्त्याचं, उलट दिशेने. क्लासिक लेजेंड. २०२० ची एव्हरेस्ट लेस ब्रिजच्या तबेल्यातून जिंकला, काय जिंकला होता, मग मालकाने हाँगकाँगला नेला आणि डिसेंबरच्या हाँगकाँग स्प्रिंटमध्ये पार फुस्स. तो सामान आवरून परत सिडनीला, परत लेस ब्रिजकडे. तेव्हा नऊ तासांचं विमान म्हणजे काही मुंबई-पुणे शिवनेरी नाही.

मी महालक्ष्मी रेसकोर्सला ऐंशीच्या दशकापासून जातोय. वडील टर्फ क्लबात नव्हते बरं का, ते गिरणीत होते, दुसऱ्या एन्क्लोजरमधून बघायचे आणि मला खांद्यावर घ्यायचे. त्यांनी एकच शिकवलं, कागद घरी वाच, पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, घोडा वाच. घोडा फिरवताना मागच्या दोन मांड्यांच्या मध्ये बघायचं. तिथे साबणासारखा पांढरा फेस आला असेल तर रेस तो पॅडॉकमध्येच पळून चुकलाय. मानेवर थोडा घाम असेल तर चालतो, उकाडा असतो. कान बघायचे, मागे चिकटलेले नकोत, एक पुढे एक बाजूला असा चाललेला घोडा आजूबाजूला काय चाललंय ते ऐकतोय, तो शहाणा. आणि सईस, म्हणजे घोडा धरून चालवणारा माणूस, बघायचा. सईस दोन्ही हातांनी लगाम ओढत चालला असेल तर घोडा उधळलेला, एका हातात दोरी आणि घोडा त्याच्या खांद्याशी चाललाय तर निवांत. अनुजा, तू तिथे असशील तर का यिंगचा हा फेस तेवढा बघ आणि कळव. नवीन जागी घोडा बिघडला तर पहिल्यांदा तिथे दिसतं.

---

मध्यस्थ_३ · शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सकाळी १०:००

धागा चांगला चाललाय. फक्त आठवण: बेटिंगच्या साइटच्या लिंका, "पक्की टीप", व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) नंबर मागणं चालणार नाही. काल रात्रीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. करंजीवर पैज लावायला हरकत नाही.

---

चाळीस_टक्के · शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

मध्यस्थ साहेब, पैज लावायला उरलंय काय आता. २२ सप्टेंबरपासून रेसवर जीएसटी चाळीस टक्के. आधी अठ्ठावीस होता तेव्हाच पुण्याच्या मैदानावर पाय ठेवायला जागा भरपूर होती, आता घोड्यांपेक्षा पंटर कमी होतील. आणि तिकडे सत्तर सेकंदांना शंभर कोटी. मी काय म्हणतो, आपल्याकडे घोडे कमी नाहीत, जॉकी कमी नाहीत, लोकांना रेस बघण्याची चटक कमी नाही, मग

जाऊ द्या. वसुबारस आहे आज, शिव्या नकोत. माझं मत ब्रियासा. कारण कोणीच घेत नाहीये.

---

सहा_फर्लांग · शुक्रवार, १७ ऑक्टोबर, रात्री ११:१५

काकांनी क्लासिक लेजेंड काढल्यावर माझी छाती दोन इंच फुगली होती, पण खरं सांगतो, आज संध्याकाळपासून का यिंगच्या जुन्या रेस लागोपाठ बघितल्या आणि थोडा ढिला पडलोय. एक गोष्ट डोळ्यात भरली. तो सुटतो तेव्हा पहिल्या पाचसहा उड्यांतच जागा घेतो, आणि मग पर्टन त्याला तिथे झोपवतो. अक्षरशः झोपवतो, मान खाली, कान सैल. मग वळण संपलं की पर्टन फक्त बूड जरा खाली करतो आणि घोड्याचं पाऊल लांब होतं. बाकीच्यांची पावलं वाढतात, त्याची लांब होतात. हा फरक तीन वेळा मागे घेऊन बघितला.

तरी जिमीस्टार. शब्द दिलाय. आता मागे फिरलो तर शाटिनकर जगू देणार नाहीत.

---

अनुजा_टेम्पे · शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी ९:५५ (तुमची वेळ)

पोचलो. सर्क्युलर कीवरून एल टू ची ट्राम घेतली, रॉयल रँडविक स्टॉपला सगळं डबं रिकामं झालं. टोप्या, हिल्स, गुलाबी सूट घातलेली पोरं. माझ्या पुढच्या मुलीने ट्राममध्येच चपला काढून हातात घेतल्या होत्या, रेस सुरू व्हायच्या आधी. गर्दी अफाट आहे. हाँगकाँगहून पुष्कळ लोक आलेत, कँटोनीज सगळीकडे ऐकू येतंय. पॅडॉकजवळ जायचा प्रयत्न करते पण काका, सहा रांगा आहेत पुढे.

---

चकलीताई · शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

मी सोऱ्या बाजूला ठेवून बसलेय. नवरा विचारतोय काय झालं. त्याला म्हटलं माझी घोडी पळतेय.

---

शाटिनकर · शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी १०:५५

!!!!!!!!!!!!!!

१४

---

चकलीताई · शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी १०:५८

माझी दुसरी आली!! दुसरी!!! टेम्प्टेड!! आणि कढईतल्या पाच चकल्या काळ्या झाल्या, सासूबाईंना कोणी सांगू नका

---

पॅडॉकवाला · शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

का यिंग रायझिंग, टेम्प्टेड, जिमीस्टार. एका लेंग्थहून थोडं जास्त अंतर. परदेशात ट्रेन झालेला पहिलाच विजेता.

शाटिनला जेवढा फरक ठेवतो तेवढा नव्हता ठेवला, हे मी नोंदवतो, फर्लांगच्या समाधानासाठी. चढावर पर्टनला बसून राहता आलं नाही, काम करावं लागलं. पण घोडा मागे बघत नाही हो. पाच लेंग्थचं आंदण घेऊन आलेली फिली मागून येतेय आणि ह्याने तिला एकही पाऊल जास्त दिलं नाही. सलग १४. हाँगकाँगच्याच जुन्या सायलेंट विटनेसचे सलग सतरा विजय आता नजरेच्या टप्प्यात.

चकलीताई, पहिल्याच रेसला दुसरा घोडा शोधलात तोही वजनावरून. आमच्यात या.

---

सहा_फर्लांग · शनिवार, १८ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

हरलो. पूर्ण हरलो, अर्धवट नाही. तिसरा आला म्हणून "तसा बरोबरच होतो" असं म्हणायचा मोह होतोय, पण मी लिहिलं होतं की प्रवासात घोडं पेंड खाईल, आणि घोड्याने पेंड खाल्ली, पाणी प्यायला आणि रेस मारून गेला.

माझी चूक कुठे झाली ते लिहितो, म्हणजे वरातीमागून घोडं. मी मागची सगळी उदाहरणं घोड्यांची घेतली आणि माणसं विसरलो. क्लासिक लेजेंड हाँगकाँगला गेला तेव्हा त्याची माणसं बदलली होती, ट्रेनर नवा, तबेला नवा. का यिंगची माणसं त्याच्याबरोबर होती. हेजला ऑस्ट्रेलिया तळहातासारखा माहीत, १९९४ चा मेलबर्न कप जिंकलेला माणूस. पर्टन इथलाच. घोड्याला मैदान नवं होतं, पण पाठीवरचे हात तेच होते. हे शाटिनकरांनी पहिल्याच प्रतिसादात "माहेरी आलेत" म्हणून लिहिलं होतं आणि मी ते चेष्टेवारी नेलं.

ओव्हरपासचंही माझं गणित फसलं. तो आणि का यिंग भांडतील म्हणालो होतो. का यिंग भांडलाच नाही, शेजारी जाऊन बसला आणि वाट बघितली.

---

अनुजा_टेम्पे · शनिवार, १८ ऑक्टोबर, दुपारी २:३०

आत्ता नेटवर्क आलं. काका, फेस बघता आला नाही, पुढे एक साडेसहा फुटी माणूस होता आणि त्याच्या टोपीला मोराचं पीस. पण रेसनंतर घोडा परत आणताना जरासा दिसला, कठड्यापासून दहाएक फुटांवरून गेला. सगळं स्टेडियम ओरडतंय आणि त्याला धरणारा माणूस एका हातात दोरी घेऊन चालत होता. एकाच हातात. मला लगेच तुमचे बाबा आठवले, म्हणजे मी त्यांना कधी बघितलेलं नाही तरी.

---

पॅडॉकवाला · शनिवार, १८ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

वाचलं. थँक्यू गं.

---

चाळीस_टक्के · शनिवार, १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०

ब्रियासाबद्दल कोणी काही बोलणार नाही का? बरं.

---

शाटिनकर · शनिवार, १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

फर्लांगराव, डिसेंबरात हाँगकाँग स्प्रिंट आहे, शाटिनला, त्याच्या घरी. धागा तुम्हीच काढा आणि परत त्याच्याविरुद्धच लिहा, शकुन चांगला आहे तुमचा. बाकी आज धनत्रयोदशी आहे, करंज्या झाल्या का घरी?

---

सहा_फर्लांग · शनिवार, १८ ऑक्टोबर, रात्री ८:१०

झाल्या. ओल्या नारळाच्या पण आणि सुक्या सारणाच्या पण. डबा समोर उघडा आहे. बायकोला पैजेचं सांगितलं तर ती म्हणाली घोड्यासाठी माझ्या करंजीला नाही म्हणणारा माणूस पहिल्यांदा बघितला, आणि वरची एक, कडेने मुरड नीट न जमलेली, मुद्दाम माझ्या बशीत ठेवून गेलीय. भाऊबीज गुरुवारी आहे. मोजून पाच दिवस.